मशीन शॉपमधे प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि क्वालिटी एकाच बोर्डवर कशी आणायची

पुण्याजवळ भोसरीत, तळवड्यात, चाकणला, कुठल्याही वीस-पंचवीस मशीनच्या शॉपमधे महिन्याच्या मीटिंगला जाऊन बसा, एक भांडण ठरलेलं असतं. प्रॉडक्शनवाला म्हणतो त्या टर्निंग सेंटरमुळे माझे अडीच तास गेले. मेंटेनन्सवाला रजिस्टर उघडून दाखवतो, ब्रेकडाऊन अर्धाच तास आहे साहेब. क्वालिटीवाला गप्प, कारण त्याच्या कागदावर त्या दिवशी काही झालेलंच नाही.

आणि तिघंही खरं बोलत असतात. मशीन १०:१० ला थांबलं. ऑपरेटरने रिसेट मार, परत चालू कर, असं करत वीस मिनिटं घालवली आणि १०:३० ला सुपरवायझरला सांगितलं. मेंटेनन्सला ब्रेकडाऊनची स्लिप १०:५० ला गेली. मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या मशीनवर अडकला होता तो ११:१५ ला आला, ११:४५ ला काम संपवलं, सही केली, गेला. मग सेटरने परत ऑफसेट (टूलच्या पोझिशनची दुरुस्ती) घेतले, १२:०५ ला पहिला पीस इन्स्पेक्शनला गेला, तिथे कस्टमरचा माणूस आलेला म्हणून पीस टेबलावर पडून राहिला, ओके मिळाला १२:४० ला. प्रॉडक्शनचे अडीच तास खरे, मेंटेनन्सचा अर्धा तास खरा, आणि टेबलावर गेलेली पस्तीस मिनिटं कोणाच्याच रजिस्टरमधे नाहीत. १५० मिनिटांत पाना हातात होता ३० मिनिटं, बाकीतलं बरंचसं वाट बघणं. मग तुम्ही अजून एक फिटर ठेवा नाहीतर अजून एक इन्स्पेक्टर, ही वाट बघणं दिसत नाही तोपर्यंत फार फरक पडत नाही.

म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं एका गोष्टीभोवती आहे, तीन रजिस्टरऐवजी मशीनपाशी एक बोर्ड. ज्यांच्याकडे ईआरपी नीट चालतंय, प्लॅनिंगला वेगळा माणूस आहे, त्यांना यातलं बरंच माहीत असेल. हे त्यांच्यासाठी आहे जिथे मालकच सकाळी प्लॅनिंग करतो, दुपारी डिस्पॅचच्या टेम्पोमागे पळतो आणि संध्याकाळी कोटेशन बनवतो.

बोर्ड कसा बनवायचा

साधा व्हाइटबोर्ड, मशीनच्या जवळ, ऑपरेटरला चार पावलांत गाठता येईल असा. ऑफिसच्या भिंतीवर लावला तर तो शोसाठी होतो. रकाने एवढेच: तास, टार्गेट, झालेले पीस, त्यातले ओके, किती मिनिटं बंद, कारण, आणि शेवटचा रकाना "बदल". या शेवटच्या रकान्यावर मी पुढे बराच वेळ घेणार आहे, तो विसरू नका.

टार्गेट कोटेशनमधल्या सायकल टाइमवरून काढू नका. कोटेशनमधला सायकल टाइम ऑर्डर मिळावी म्हणून लिहिलेला असतो, हे तुम्हालाही माहितीये. स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभं राहा, दरवाजा उघडण्यापासून पुढचा दरवाजा उघडेपर्यंतचा वेळ घ्या, लोडिंग-अनलोडिंग, पीस पुसणं, हवा मारणं सगळं धरून, आणि हे दोन-तीन वेगवेगळ्या ऑपरेटरवर करा. दीड मिनिट आलं तर तासाला ४०. चहाच्या तासाला त्यातून दहा मिनिटं वजा करून ३३. "४५ लिहू म्हणजे ४० तरी निघतील" हा प्रकार करू नका, पोरांना दुसऱ्या दिवशीच कळतं की टार्गेट खोटं आहे आणि मग अख्ख्या बोर्डलाच कोणी विचारत नाही.

कारणं सात-आठच ठेवा आणि त्यांना नंबर द्या. सेटिंग, टूल-इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक), ब्रेकडाऊन, मटेरियल नाही, माणूस नाही, इन्स्पेक्शनची वाट, लाइट गेली, इतर. नंबर अशासाठी की आज शॉपमधे अर्धी पोरं लातूर-नांदेडची, अर्धी बिहार-ओडिशाची असतात, सगळ्यांना मराठीत कारण लिही म्हणून चालत नाही, नंबर कोणालाही लिहिता येतो. महिन्याने "इतर" हा नंबर फुगलेला दिसला तर त्याला फोडा, त्यात काहीतरी लपलेलं असतं.

लिहायचं ऑपरेटरनेच, दर तासाला. सुपरवायझरने दोन तासांनी फेरी मारून सही करायची, आणि सही करताना शिव्या घालायच्या नाहीत. हे मी गमतीने म्हणत नाहीये. पहिल्या आठवड्यात २२ पीस लिहिणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर झापलं की दुसऱ्या आठवड्यापासून बोर्डवर ४०, ४०, ३३, ४० असं सुंदर अक्षरात, एकाच पेनने, शिफ्ट संपायच्या पाच मिनिटं आधी लिहिलेलं सापडेल. असा बोर्ड दिसला तर दोष ऑपरेटरमधे शोधू नका.

ओईई काढा, पण ते देव्हाऱ्यात ठेवू नका

बोर्डवरचे आकडे आले की ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, मशीनच्या वेळेचा खरा उपयोग किती झाला तो टक्का) काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. शिफ्ट ४८० मिनिटं, त्यातून जेवण ३० आणि दोन चहा १०-१० वजा, उरली ४३०. सेटिंग आणि ब्रेकडाऊनमधे ७० गेली, मशीन चालली ३६०. म्हणजे अव्हेलेबिलिटी ८३.७ टक्के. निघाले २०० पीस, दीड मिनिटाने ३०० मिनिटांचं काम, ३६० मधे ३०० म्हणजे परफॉर्मन्स ८३.३. त्यातले १० रिजेक्ट, क्वालिटी ९५. तिघांचा गुणाकार साधारण ६६ टक्के. पडताळायचं असेल तर सरळ १९० ओके पीस गुणिले दीड, भागिले ४३०, तेच येतं.

हे सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएममधून (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) आलंय आणि तिथला ८५ टक्के हा आकडा सगळ्या ट्रेनिंगमधे स्लाइडवर असतो. एकच पार्ट महिनाभर चालणाऱ्या लाइनसाठी तो ठीक. तुमच्याकडे एका मशीनवर दिवसात तीन सेटिंग बदलत असतील तर ८५ ची पाटी लावून काय उपयोग, लोक हसतात. आणि सगळ्या मशीनची सरासरी तर अजिबात काढू नका, एक मशीन ९० आणि एक ४० असेल तर सरासरी ६५ ही कोणत्याच मशीनची गोष्ट सांगत नाही. फक्त एवढं बघा की मागच्या आठवड्यापेक्षा तिघांपैकी काय पडलं. अव्हेलेबिलिटी पडली तर कारणाचे नंबर बघा. परफॉर्मन्स पडला पण बंद मिनिटं लिहिलेली नाहीत, तर एकतर कोणीतरी फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी केलाय, त्याचा ओव्हरराइड ८० टक्क्यांवर ठेवलाय (हे फार होतं, नवीन पोरगा इन्सर्ट तुटायला घाबरतो), नाहीतर दोन-दोन मिनिटांचे थांबे लिहिले जात नाहीयेत.

सेटिंगचा वेळ सगळ्यात जास्त दिसला तर शिगेओ शिंगो यांची जुनी युक्ती, मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येतील ती वेगळी. एकदा मोबाईलवर अख्ख्या सेटिंगचा व्हिडिओ काढा आणि सेटरलाच दाखवा. बहुतेक वेळ अॅलन की, जॉ (चकच्या पीस धरणाऱ्या पकडी), गेज आणि ड्रॉइंग शोधण्यात गेलेला दिसेल. पुढच्या जॉबची ट्रॉली आधीच भरून मशीनपाशी आणून ठेवली की अर्धं काम झालं.

दहा मिनिटं, उभ्याने

फर्स्ट शिफ्ट सातला लागत असेल तर साडेआठ-नऊच्या सुमारास, सगळं मार्गी लागलेलं असतं तेव्हा, रोज बोर्डपाशी मीटिंग: प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी ही तिघं आणि डिस्पॅच बघणारा. खुर्च्या नाहीत, चहा नंतर. आधी कोणाला लागलं-बिगलं का, मग कस्टमरची तक्रार, मग कालचा सगळ्यात मोठा थांबा, फक्त एकच, आणि कालचे रिजेक्ट पीस तिथे टेबलावर ठेवलेले. आकडा नको, पीस हातात घेऊन बघायचा. बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) कुठे आहे, चॅटर मार्क (टूल थरथरल्याच्या रेषा) कसा आहे, क्लॅम्पिंगचा डाग कुठल्या बाजूला आहे, हे पीस सांगतो, एक्सेल सांगत नाही.

"बघतो", "करून घेतो", "सांगून ठेवलंय" ही उत्तरं धरायची नाहीत. नाव आणि तारीख बोर्डवर लिहायची. तारीख उलटली तर पुसायची नाही, त्याच्याखाली दुसरी लिहायची, तीन तारखा एकाखाली एक दिसल्या की बोलायची गरज उरत नाही.

मेंटेनन्सला प्लॅनमधे जागा

आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. पीएमचं (बिघडायच्या आधीच करायचा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स) शेड्यूल सगळे गुरुवारवर टाकतात आणि बुधवारी संध्याकाळी कस्टमरचा फोन येतो, मग गुरुवारी ओव्हरटाइम लावून तेच मशीन चालतं, आणि पीएमच्या चेकलिस्टवर टिकमार्क मात्र पडतात कारण ऑडिट आहे. यावर माझ्या मते एकच इलाज, पीएमला कस्टमरच्या ऑर्डरसारखं जॉब कार्ड द्या. मशीन नंबर, दिवस, वेळ, किती तास, कोण करणार. आठवड्याच्या प्लॅनमधे ते कार्ड बाकीच्या कार्डांच्या रांगेत लागलं पाहिजे. पुढे ढकलायचं असेल तर मालकाने स्वतः सही करून ढकलावं, आणि ढकललेल्याची नवी तारीख तिथेच लिहावी. अख्खा दिवस नाही मिळत तर दोन मशीनला आठवड्याच्या मधे दोन-दोन तास द्या, तेवढ्यात बरंच होतं.

रोजचं काम ऑपरेटरचं. टीपीएमवाल्या मोठ्या कंपन्यांत याला जेएच (जिशु होझेन, म्हणजे ऑपरेटरनेच मशीनची निगा राखणं) म्हणतात, आपण नाव काही देऊ, पाच मिनिटांत बघायचं एवढंच: ल्युब ऑइलची लेव्हल (टाकी भरलेलीच राहतीये आणि लेव्हल कमीच होत नाहीये तर ती जास्त वाईट बातमी, स्लाइडला तेल पोचत नाहीये), हायड्रॉलिक प्रेशर, चकचं प्रेशर, हवेचं प्रेशर, कूलंट, पॅनेलचा फॅन फिरतोय का, आणि रोजच्यापेक्षा वेगळा आवाज. गेजवर हिरवी पट्टी रंगवा म्हणजे आकडा वाचावा लागत नाही, काटा पट्टीत आहे की नाही एवढं लांबून दिसतं.

चकचकीत कशाला म्हणायचं यावर वाद घालत बसू नका. खंडेनवमीला पोरं मशीन कशी घासतात बघितलंय ना, कोपऱ्यातली चिप्ससुद्धा काढतात, पत्र्यावर तेलाचा थेंब ठेवत नाहीत. त्या दिवशी हार घालायच्या आधी प्रत्येक मशीनचे चार फोटो काढा आणि प्रिंट करून त्याच मशीनवर चिकटवा. वर्षभर तोच स्टँडर्ड. कोणाला इंग्लिश चेकलिस्ट वाचायला लागत नाही आणि "एवढं स्वच्छ होऊच शकत नाही" हेही कोणी म्हणू शकत नाही.

आता थोडं बारीकसारीक, जे पुण्यात हमखास होतं.

एप्रिल-मे महिन्यात पॅनेल तापून अलार्म येतो, मग कोणीतरी पॅनेलचा दरवाजा उघडून समोर पेडेस्टल फॅन लावतो. दोन दिवस मशीन चालतं, आणि ऑइल मिस्ट, कास्ट आयर्नची बारीक धूळ सगळी ड्राइव्हवर (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाऊन बसते, मग ड्राइव्हचं बिल बघून रडायची वेळ येते. त्याआधी पॅनेल एसीचा किंवा हीट एक्स्चेंजरचा फिल्टर काढून बघा, नव्वद टक्के वेळा तोच चोंदलेला असतो. मार्चमधे सगळ्या मशीनचे फिल्टर एकदा धुवून घ्या.

शुक्रवारी सकाळी शॉप उघडलं की कूलंटचा कुजका वास येतो, बरोबर? गुरुवारी पंप बंद, वर स्लाइडवेच्या तेलाची साय, खाली हवा पोचत नाही, त्यात बॅक्टेरिया वाढतात. परफ्युम टाकून उपयोग नाही. वरचं तेल स्किमरने किंवा निदान हाताने काढा, सुट्टीच्या दिवशी वॉचमनला सांगून पंप थोडा वेळ फिरवा, आणि रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती घट्ट-पातळ ते दाखवणारा) घ्या, महाग नाही. रीडिंगला कूलंटच्या डब्यावर दिलेल्या फॅक्टरने गुणायचं आणि सप्लायरने सांगितलेल्या टक्केवारीत ठेवायचं. रोज नुसतं पाणी ओतून लेव्हल भरली की ते पातळ होतं आणि जूनमधे पहिला पाऊस पडला की पार्ट गंजायला लागतात, मग क्वालिटीवाला पॅकिंगवाल्याला शिव्या देतो, खरं कारण टाकीत असतं. मिसळताना तेल पाण्यात टाकायचं, पाणी तेलात नाही.

गुरुवारी अजून एक गोष्ट फुकटात होते. शॉप शांत असतं तेव्हा कॉम्प्रेसर चालू करून लाइन भरा आणि नुसतं चालत जा, गळती कानाला ऐकू येते. रोजच्या आवाजात ती कधीच कळत नाही. ३ मिमीच्या एका भोकातून ७ बारला जाणारी हवा बनवायला कॉम्प्रेसर साधारण ३ ते ४ किलोवॅट खातो, आणि ते रात्रंदिवस. पावसाळ्यात लाइनमधे पाणी जास्त येतं, रिसीव्हर आणि एफआरएलचा (हवेच्या लाइनवरचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) ड्रेन रोज काढा, नाहीतर ते पाणी सोलेनॉइडमधे आणि एअर गेजमधे जातं.

कंट्रोलची बॅटरी लो असा अलार्म आला की "नंतर बघू" करू नका. बॅटरी कंट्रोलच्या मॅन्युअलमधे लिहिलंय तशीच बदलायची, बहुतेक ठिकाणी मशीनची पॉवर चालू ठेवूनच, बंद करून काढली तर पॅरामीटर किंवा झिरो पोझिशन जाते आणि मग सर्व्हिस इंजिनियर येईपर्यंत मशीन उभं. सगळ्या मशीनचे पॅरामीटर आणि प्रोग्रॅम यांचा बॅकअप घ्या आणि तो त्याच मशीनच्या पॅनेलमधल्या कार्डवर ठेवून विसरू नका, एक कॉपी ऑफिसमधे.

स्पेअर किती ठेवायचे, तर मी तीन प्रश्न विचारतो. हा पार्ट गेला तर मशीन पूर्ण बंद पडतं का, तो भोसरी-पिंपरीच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो का, आणि त्या प्रकारची किती मशीन आपल्याकडे आहेत. बेल्ट, फ्यूज, कॉन्टॅक्टर, प्रॉक्सिमिटी स्विच, सोलेनॉइड, चकचे सील असल्या गोष्टी ठेवाच. दुकानात दुपारपर्यंत मिळणाऱ्या बेअरिंगमधे पैसे अडकवायची गरज नाही.

ब्रेकडाऊन स्लिपवर वेळ एकच नको, पाच हव्यात: थांबलं कधी, कळवलं कधी, माणूस आला कधी, दुरुस्त झालं कधी, पहिला पीस ओके कधी. वर जे भांडण सांगितलं ते या पाच वेळांनी संपतं.

आणि एक गोष्ट जिथे चर्चा नाही. मशीनमधे हात घालायचा तर मेन बंद, पॅनेलला कुलूप, किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात, आणि त्याच्या नावाचा टॅग. दरवाज्याचा इंटरलॉक (दरवाजा उघडा असताना मशीन चालू न देणारा स्विच) मॅग्नेट चिकटवून किंवा जंपर टाकून बायपास केलेला सापडला तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं, मग डिस्पॅच थांबलं तरी चालेल. सायकलमधले चार सेकंद वाचवायला लोक हे करतात, आणि बऱ्याचदा सुपरवायझरला माहीत असतं.

क्वालिटी म्हणजे शेवटचं टेबल नाही

पहिल्या पीसचं ॲप्रूव्हल ही सगळ्यात स्वस्त क्वालिटी आहे, पण ती लवकर मिळाली पाहिजे. इन्स्पेक्टर बिझी असेल तर सेटरने कोणते पाच-सहा डायमेन्शन स्वतः बघून चालू करायचं हे आधीच ठरवून ठेवा, बाकीचं पूर्ण रिपोर्टिंग मागून, आणि तोपर्यंतचे पीस वेगळ्या ट्रेमधे. ॲप्रूव्हल देताना पीस नुसता मोजू नका, मशीनवर लावलेल्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघा, इन्सर्टचा ग्रेड बघा, प्रोग्रॅम नंबर बघा. जुन्या रिव्हिजनचं तेलकट ड्रॉइंग मशीनला चिकटलेलं आणि नवीन फाइलमधे व्यवस्थित ठेवलेलं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता आधी तेच बघतो.

मधल्या चेकिंगचा वेळ घड्याळावरून न ठरवता टूल लाइफवरून ठरवा. इन्सर्ट १५० पीस चालत असेल तर दर २५ ला एक बघा, आणि इन्सर्ट बदलल्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतर (मशीन थंड झालेलं असतं), ब्रेकडाऊननंतर पहिला पीस बघाच बघा. आकडा नुसता लिहू नका, कागदावर ठिपका टाका, ठिपके एका बाजूला सरकताना दिसले की लिमिटच्या बाहेर जायच्या आधी ऑफसेट देता येतो. उलट प्रत्येक पीसला दोन-तीन मायक्रॉनचे ऑफसेट देणारे हौशी ऑपरेटर असतात, त्यांना थांबवा, नैसर्गिक फरकाच्या मागे धावलं की फरक वाढतो.

उन्हाळ्याचा एक घोळ. मोजमापाचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री. स्टील दर मीटरला दर डिग्रीला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मास्टर (ज्यावर गेज सेट करतात तो नमुना) एसी रूममधे, आणि पीस मशीनमधून नुकताच काढलेला, १५ डिग्रीने गरम. ५० मिमी व्यासाला फरक पडला जवळजवळ ९ मायक्रॉनचा. एच-सिक्सच्या (टॉलरन्सचा एक ग्रेड) शाफ्टला ५० मिमीवर टॉलरन्सच १६ मायक्रॉन असतो, अर्ध्याहून जास्त इथेच गेला. गरम पीस मोठा दिसतो, ऑपरेटर ऑफसेट कमी करतो, रात्री पीस गार होतो आणि अंडरसाइज निघतो. पीस आणि मास्टर एकाच ठिकाणी थोडा वेळ शेजारी ठेवा, मगच मोजा. ॲल्युमिनियम असेल तर हाच फरक दुप्पट.

गेजचं कॅलिब्रेशन स्टिकर सगळे बघतात, गेज आर अँड आर (तोच पीस परत परत आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर किती फरक येतो) कोणी बघत नाही. १० टक्क्यांच्या आत चांगलं, ३० च्या वर गेलं तर तो गेज त्या डायमेन्शनला वापरूच नका, मधे असेल तर डायमेन्शन किती महत्त्वाचं आहे ते बघून ठरवा. नाहीतर दोन शिफ्टचे दोन इन्स्पेक्टर एकाच पीसला ओके आणि रिजेक्ट देत बसतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

पीस खराब सापडला की पहिला प्रश्न "कोणी केला" नाही, "शेवटचा ओके कुठला". तिथपासून इथपर्यंतचं सगळं अडवायचं, ट्रॉलीत असेल, वॉशिंगला असेल, पॅकिंगला असेल, टेम्पोत चढलेलं असेल तरी उतरवायचं. लाल डब्याला कुलूप ठेवा, नाहीतर महिनाअखेरीला त्यातले पीस आपोआप कमी होतात. आणि कस्टमरला एट-डी (आठ पायऱ्यांचा तक्रारीचा रिपोर्ट) लिहिताना "ऑपरेटरला समज दिली" हे लिहून पाठवू नका, समोरचा इंजिनियर ते वाचून फाइल बंद करत नाही, तो फक्त पुढच्या ऑडिटची तारीख लवकर घेतो. उलटा बसणारा पार्ट असेल तर फिक्स्चरमधे एक पिन द्या म्हणजे उलटा बसणारच नाही.

"बदल" चा रकाना

आता तो शेवटचा रकाना. एका शॉपमधली गोष्ट सांगतो, नाव नको. पातळ भिंतीची रिंग, तीन जॉच्या चकमधे धरून आतलं बोअर करायचं, त्यात पुढे बेअरिंग बसतं. जॉ झिजले होते म्हणून कटिंगमधे पीस फिरायला लागला, ऑपरेटरने तक्रार केली, मेंटेनन्सवाल्याने चकचं प्रेशर वाढवून दिलं, पीस फिरायचा थांबला. प्रॉडक्शन खूश, ब्रेकडाऊन शून्य. इन्स्पेक्शनला टू-पॉइंट बोअर गेज, सगळे पीस साइजमधे, क्वालिटीही खूश. आणि कस्टमरकडून फोन, बेअरिंग जात नाहीये.

झालं असं होतं की जास्त प्रेशरने रिंग तीन ठिकाणी दाबली जायची, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापलं जायचं, आणि चक सोडला की रिंग आपल्या मूळ आकारात यायची आणि बोअर तीन कोपऱ्यांचं व्हायचं. असलं तीन लोबचं बोअर टू-पॉइंट गेजला कळत नाही, कारण एका बाजूला जेवढं वर तेवढंच समोर खाली, व्यास सगळीकडे तोच येतो. थ्री-पॉइंट बोअर गेजने किंवा राउंडनेस टेस्टरवरच ते दिसतं. तिघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. फक्त "आज प्रेशर वाढवलं" हे क्वालिटीला कळायला जागाच नव्हती.

ती जागा म्हणजे हा रकाना. इन्सर्टचा ब्रँड बदलला, नवीन ऑपरेटर आला, प्रोग्रॅममधे फीड बदलला, प्रेशर बदललं, मटेरियलचा हीट नंबर (भट्टीचा लॉट) बदलला, गेज बदलला, काहीही बदललं की तिथे वेळ टाकून लिहायचं आणि क्वालिटीवाल्याने त्यापुढे सही करायची, सहीच्या आधी एक पीस पूर्ण मोजून. मोठ्या कंपन्या याला फोर-एम चेंज (माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यातला बदल) म्हणतात आणि त्याचा फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, म्हणून तो कोणी भरत नाही. बोर्डवर एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. त्या शॉपमधे सॉफ्ट जॉ (हवे तसे कापून घेता येणारे मऊ जॉ) रिंगच्या व्यासाला परत बोअर करून घेतले, रिंगला जास्तीत जास्त घेराने धरतील असे, प्रेशर खाली आणलं आणि गेजवर हिरवी पट्टी मारली. खर्च फार नव्हता, शोधायला मात्र वेळ गेला कारण प्रेशर कधी बदललं हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

इन्सेंटिव्ह देत असाल तर तो फक्त ओके पीसवर द्या आणि ब्रेकडाऊन लवकर कळवणाऱ्याला त्याची बंद मिनिटं माफ करा, नाहीतर सगळे अलार्म रिसेट मारून दडपले जातात.

माणसांचं कॅलेंडरही प्लॅनमधे लावा. चैत्र-वैशाखात गावच्या जत्रा आणि लग्नं, पाऊस पडला की पेरणी, मग गणपती, मग दिवाळी, छटपूजेला बिहारची पोरं. यातलं काहीच अचानक येत नाही, तरी दरवर्षी सुपरवायझर "अचानक चार जण गेले" म्हणतो. वारीच्या दिवसांत आळंदी-दिघी आणि देहू-आकुर्डीच्या रस्त्यांवर गाडी निघत नाही, तिकडून जाणारा माल आदल्या रात्रीच काढा.

सुरुवात करताना सगळ्या शॉपला एकदम बोर्ड लावू नका. दोनच मशीन घ्या, एक जे सगळ्यात जास्त थांबतं आणि एक ज्याचा ऑपरेटर शहाणा आणि बोलका आहे. पहिले दोन आठवडे फक्त लिहू द्या, काही सुधारायला जाऊ नका, आकडे खरे यायला तेवढा वेळ लागतो. मग एकच मोठं कारण उचला आणि ते बोर्डवरून खाली येईपर्यंत दुसरं घेऊ नका. मशीनला सेन्सर लावून मोबाईलवर ओईई दाखवतो म्हणणारे लोक मधेच येतील, त्यांचं डेमो बघा, वाईट नसतं ते, पण सेन्सरला मशीन थांबलेलं कळतं, का थांबलं ते ऑपरेटरनेच सांगायचं असतं, आणि ते सांगायची सवय खडूने किंवा मार्करने लागलेली नसेल तर टच स्क्रीनवरही तो "इतर" च दाबणार.